पेटीचा गांधार

शालेय कलाशिक्षणापुढे आज जो पूर्वपक्ष, म्हणजे खंडनापूर्वी प्रामाणिकपणे मांडावयाचा प्रतिपक्षाचा युक्तिवाद, उभा आहे तो दुबळा नाही. त्याची थट्टा करून भागणार नाही. रंग, कागद आणि वाद्ये यांचा खर्च न पेलणाऱ्या शाळेत एक टॅब्लेट आला की चित्रकलेची वही आणि संगीताचा वर्ग दोन्ही एकदम येतात. मिरजेचा तानपुरा विकत घ्यावा लागतो, सांभाळावा लागतो, हवा बदलली की पुन्हा लावावा लागतो, उलट मोबाइलमधला तानपुरा फुकट मिळतो आणि कधी उतरत नाही. शिवाय ज्या गावात कलाशिक्षक कधी फिरकलाच नाही तेथील मुलाला पडद्यावर का होईना, चांगले गाणे ऐकायला आणि चांगले चित्र पाहायला मिळते, असे त्याचे म्हणणे आहे. यातले शेवटचे विधान निर्विवाद आहे. वाद आहे तो त्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाशी: साधन तटस्थ असते, तेव्हा कलेच्या तासाला त्याचा वापर शिकवावा, त्याची चिकित्सा करत बसू नये.

या निष्कर्षाला नेहमी दिले जाणारे उत्तर मात्र आधी बाजूला सारले पाहिजे. कलेला यंत्राचा विटाळ होऊ नये असे मानणारा एक पक्ष आहे आणि तो स्वतःला परंपरेचा रक्षक म्हणवतो. पण तानपुरा हेही यंत्रच होय. भोपळा, लाकडी दांडी, धातूच्या तारा आणि ज्या घोडीवरून त्या तारा जातात तिला घासून आणलेली बारीक गोलाई, जिच्यामुळे तार टेकत-सुटत गुंजत राहते व जिला जवारी म्हणतात, ही सारी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली तंत्रविद्या आहे. यंत्राला दाराबाहेर ठेवण्याचा प्रयोग सरकारी पातळीवर एकदा होऊनही गेला. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला 1971 साल उजाडले. आक्षेप खोटा नव्हता: पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, निघत नाही आणि तिचे स्वर एका ठरावीक साच्यात बसवलेले असतात. परंतु गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी ज्या पेटीला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि जिच्या साथीवर मराठी रंगभूमीचे संगीत वाढले, ती बंदीमुळे घराघरांतून हलली नाही. आणि पेटीत नेमके काय खटकते हे ऐकायला शिकवणे तर बंदीच्या हातचे नव्हतेच. ते काम शिक्षणाचे होते.

ते शिक्षण कसे असते हे एका गांधारावरून दाखवता येते. चांगला लावलेला तानपुरा छेडला की त्याच्या चौथ्या, खर्जाच्या तारेतून काही वेळाने गांधार ऐकू येऊ लागतो. तो कोणी वाजवलेला नसतो. तार तिच्या पूर्ण लांबीत कंप पावते तशीच दोन, तीन, चार, पाच समान भागांतही कंप पावते, आणि पाच भागांतल्या कंपाचा नाद हा गांधाराचा असतो. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. आता पेटीची गांधाराची पट्टी दाबली तर तिचा स्वर या स्वयंभू गांधाराहून किंचित चढा लागतो. सप्तकाचे 1200 सूक्ष्म भाग केले, ज्यांना ध्वनिशास्त्रात सेंट म्हणतात, तर तानपुऱ्याचा गांधार षड्जापासून सुमारे 386 सेंटांवर असतो आणि पेटीचा 400 सेंटांवर, कारण पेटीची नेहमीची जुळणी सप्तकाचे बारा अगदी समान तुकडे पाडून केलेली असते. कोणत्याही पट्टीत गाणे बसवता यावे, या सोयीसाठी कोणीतरी कधीतरी घेतलेला तो निर्णय आहे आणि तो वाद्याच्या पोटात शिरून बसला आहे. साधन तटस्थ असते या सिद्धान्ताचे याहून थेट खंडन पुस्तकात सापडणे कठीण. ते कानाने होते आणि सातवीतल्या मुलाच्या कानानेही होऊ शकते. हे कळलेला मुलगा पेटी फेकून देईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. विद्याधर ओक यांनी 22 श्रुतींची हार्मोनियम घडवली. तिच्यामागच्या श्रुतिगणिताविषयी मतभेद असू शकतात, पण पेटीची मर्यादा ऐकू आल्याखेरीज अशी पेटी कोणाला सुचलीच नसती.

मोबाइलमधल्या तानपुऱ्याचा विचार याच कसोटीवर करावा लागतो. तो रियाजाला सोबत करतो, हा त्याचा गुण मान्यच आहे; परंतु तो लावावा लागत नाही, हा जो गुण म्हणून सांगितला जातो, तोच शिक्षणाच्या दृष्टीने तोटा होय. खुंटी पिळता पिळता, मणी वरखाली सरकवता सरकवता जोडीचे दोन षड्ज एकमेकांत विरघळले की नाही हे ठरवणे हा कानाचा पहिला धडा असतो आणि यंत्र तो धडा विद्यार्थ्याऐवजी स्वतःच उरकून घेते. शिवाय मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज धड उमटत नाही, म्हणजे स्वयंभू गांधाराचे घरच जागेवर राहत नाही.

चित्रकलेतली गोष्ट वेगळी नाही, फक्त तेथे मंडन करणाऱ्यांनी आधी स्वतःची वही तपासावी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत स्थिरचित्र, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तू पाहून काढावयाचे चित्र, असते. पण कित्येक ठिकाणी त्याची तयारी न पाहताच करून घेतली जाते आणि तांब्या, फळे व मागचा पडदा घोकून पाठ होतात. असे घोकलेले चित्र यंत्राने अधिक झटपट काढले तर तक्रार कोणत्या तोंडाने करावी? तक्रारीला जागा उरते ती खऱ्या स्थिरचित्रात. तांब्याच्या तोंडाची लंबवर्तुळाकृती तळाच्या लंबवर्तुळापेक्षा चपटी का दिसते, पितळेवर शेजारच्या पेरूचा हिरवा कसा उतरतो, हे ज्याने तासभर डोळे बारीक करून पाहिले आहे त्याला, हाताने ओढलेली वाकडी रेघ आपोआप सरळ करणारे अॅप काय पुसून टाकते हे सांगावे लागत नाही. शब्द टाइप करताच चित्र हजर करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेपुढेही तोच विद्यार्थी विचारू शकतो की, येथे प्रकाश कोठून येतो, आणि हा बाजार कोणत्या गावचा? ज्याने एकही सावली स्वतः पाहिलेली नाही त्याला हा प्रश्न सुचण्याची वाट नाही.

साधनालाच अभ्यासाचा विषय करण्याची ही रीत या मातीला परकी नाही. 1937 च्या वर्धा येथील परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीममध्ये, म्हणजे हस्तोद्योगातून शिकवण्याच्या योजनेत, टकळी हे नुसते सूत काढण्याचे साधन नव्हते. तिच्या फिरण्यातून, कापसाच्या प्रवासातून आणि सुताच्या मोजणीतून गणित, भूगोल व अर्थव्यवहार शिकवावा, अशी कल्पना होती, आणि सेवाग्रामला शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद त्याच मुलांना चित्रकला शिकवत होते. उत्पादनाचा हिशेब शिक्षणावर स्वार होईल, हा धोका या योजनेचा आराखडा करणाऱ्या झाकिर हुसेन समितीने तेव्हाच बोलून दाखवला होता. टकळीबाबत जो सावधपणा दाखवला गेला तो टॅब्लेटबाबत अनाठायी कसा ठरतो, हे तटस्थतावाद्यांनी सांगावे.

भविष्यातील नोकऱ्यांसाठी मुलांना आतापासूनच सॉफ्टवेअर शिकवले पाहिजे, या उरलेल्या युक्तिवादावर फार शाई खर्चण्याचे कारण नाही; आज सातवीत शिकवलेले सॉफ्टवेअर तो मुलगा नोकरीला लागेपर्यंत बहुधा मोडीत निघालेले असेल.

उत्तरपक्षाची मागणी त्यामुळे पडदा काढून टाकण्याची नाही. पडदा, पेटी आणि पेन्सिल यांपैकी प्रत्येकाला वर्गात प्रश्न विचारू शकेल असे माणूस तेथे असावे, एवढीच ती आहे. खरेदीच्या यादीत यंत्र सहज बसते, माणसाला मात्र पद लागते, आणि खरी अडचण येथेच आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाचा निदेशक सांगितला आहे तो अर्धवेळ, आणि तोही पट शंभराच्या वर असेल तरच.