मोटारीचा डोळा आणि खारघरचा पाऊस

आषाढात खारघरच्या डोंगरावरून पांडवकड्याचा धबधबा कोसळू लागला, म्हणजे खाली उत्सव चौकात रस्त्यापलीकडचा माणूसही धूसर दिसतो. छत्री सावरीत शाळेतून परतणारे मूल अशा वेळी चालकाच्या नजरेवर विसंबून रस्ता ओलांडते. उद्या चालकच नसलेली मोटार समोरून आली, तर?

अशा अनेक मोटारींचा मुख्य डोळा म्हणजे ‘लायडार’ हे यंत्र. ते डोळ्यांस न दिसणाऱ्या प्रकाशाचे झोत सोडते आणि ते वस्तूवर आदळून परत येण्यास किती वेळ लागला, यावरून अंतर काढते. ३० मीटरांवरच्या वस्तूपर्यंत जाऊन प्रकाश सेकंदाच्या ५० लाखाव्या भागात परततो. इतका सूक्ष्म काळ मोजणे ही मानवी बुद्धीची केवढी झेप! २००५ साली अमेरिकेत ‘स्टॅन्ली’ नावाच्या मोटारीने अशा यंत्रांच्या साह्याने, चालकाविना, सुमारे २१२ किलोमीटरांची शर्यत जिंकली.

पण ती शर्यत मोहावीच्या वाळवंटात झाली. पावसाचा थेंब झोताचा काही अंश वाटेतच परतवितो. दूरच्या वस्तूकडून येणारा प्रकाश त्यामुळे क्षीण होतो. (वाऱ्याने उलटलेली छत्री तर माणसालाही क्षणभर ओळखू येत नाही!) थेंबांवरून आलेला प्रकाश निवडून वगळण्याच्या युक्त्या संशोधकांनी काढल्या आहेत, हे खरे. तथापि त्यांची परीक्षा कोकणच्या मुसळधारेतच व्हावयास हवी. कोरड्या रस्त्यावरील यश येथे पुरेसे मानणे धोक्याचे होय. छत्रीआडचे ते मूल यंत्राला वेळीच दिसते, अशी खात्री पटेपर्यंत चालकाच्या आसनावर माणूसच बसलेला असावा.