किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला?

संकेतस्थळाच्या दारावर ‘गूगलने प्रवेश करा’, ‘फेसबुकने प्रवेश करा’ अशी बटणे लावण्याची पद्धत आता इतकी रुळली आहे की, तिच्यात काही राजकारण आहे असे म्हणणाऱ्यालाच विक्षिप्त ठरविण्यात येते. व्यापारी कंपन्यांनी ती लावावीत यात नवल नाही. परंतु कामगार संघटना, सहकारी संस्था, सार्वजनिक वाचनालये जेव्हा आपली सभासदनोंदणी याच दारातून करू लागतात आणि त्यास ‘आधुनिकीकरण’ असे गोंडस नाव देतात, तेव्हा या आधुनिकीकरणाची झडती घेणे भाग पडते.

समर्थकांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. माणूस दहा ठिकाणी एकच पासवर्ड वापरतो. लहान संस्थेचा हौशी तंत्रज्ञ तो उघड्या अक्षरांत साठवून ठेवतो. एके दिवशी चोरी होते आणि सभासदाची इतर खातीही धोक्यात येतात. २०१२ साली प्रमाणित झालेल्या ‘ओऑथ २.०’ या पद्धतीत पासवर्ड संस्थेकडे येतच नाही. सभासद कंपनीच्या दारात जाऊन ओळख पटवितो व संमती देतो. कंपनी एक अल्पजीवी संकेतांक संस्थेकडे धाडते. संस्था तो आपल्या गुप्त किल्लीसह सादर करून टोकन मिळविते. रचना हुशारीची आहे. वाद रचनेशी नाही. ती कोणाच्या मुठीत गेली, याच्याशी आहे.

२००५ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी ‘ओपनआयडी’ मांडली तेव्हा कल्पना अशी होती की, वाटेल त्याने, अगदी स्वतःच्या संकेतस्थळावरूनदेखील, आपली ओळख द्यावी. २००८ मध्ये ‘फेसबुक कनेक्ट’ अवतरले आणि पाहता पाहता ओळख देण्याचा मक्ता मूठभर बलाढ्य कंपन्यांकडे गेला. सारा वसूल करणारा मध्यस्थ खोत हळूहळू जमिनीचा धनी होऊन बसला, हे कोकणाने पाहिले आहे. त्याला उठविण्यासाठी १९४९ चा कायदा करावा लागला.

या नव्या खोतीत कुळाचे काय होते? २०२० साली ॲपल आणि एपिक गेम्स यांच्यात व्यापारी भांडण जुंपले. ११ सप्टेंबरपासून ‘ॲपलने प्रवेश’ ही सोय एपिकच्या ग्राहकांना मिळणार नाही, असे ॲपलकडून कळविण्यात आल्याचे एपिकने जाहीर केले. पुढे मुदत वाढली; पण वाढली ती ॲपलच्या मर्जीने. एपिक ही स्वतः धनाढ्य कंपनी, तिची ही कथा! मग एखाद्या जिल्ह्यातील वाचनालयाचा अर्ज ऐकतो कोण? ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हा त्या बटणावर विसंबलेले लोक ज्यांचा फेसबुकशी काही संबंध नाही अशा संकेतस्थळांच्याही दाराबाहेर ताटकळले.

‘सभासदाने संमती दिलेली असते’ हे उत्तर ठरलेले. या संमतीची किंमत केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात दिसली. फेसबुकनेच २०१८ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार भारतात ते ॲप उतरवून घेणारे होते ३३५; ज्यांची माहिती गेली असण्याची शक्यता होती ते ५ लाख ६२ हजारांवर. मित्रांची माहिती उचलण्याची ती वाट पुढे बंद झाली हे खरे. पण बंद करणारीही तीच कंपनी, उघडणारीही तीच.

संघटनेच्या बाबतीत तर प्रश्न याहून नाजूक आहे. आतली चर्चा कंपनीला वाचता येत नसेल. परंतु कोणता माणूस कोणत्या संघटनेच्या दाराशी केव्हा गेला, हे तिला प्रत्येक प्रवेशागणिक कळते. सभासदयादी मालकाच्या हाती लागू नये म्हणून ज्यांनी वह्या घरोघरी लपविल्या, त्यांच्या वारसांनी ती बटणासाठी आपण होऊन द्यावी काय? शिवाय ज्या सभासदाचे अशा कंपनीत खातेच नाही, त्याला आधी तिचे कूळ व्हावे लागते, ते वेगळेच. यावर उपाय म्हणून सरकारी दार पुढे करणाऱ्यांनी आणीबाणीचे एकवीस महिने आठवावेत.

बटण सरसकट उखडून टाका, असा आग्रह कोणी धरलेला नाही. ते दुसरे दार असावे, एकमेव नव्हे. सभासदाची ओळख संस्थेच्या स्वतःच्या सभासद क्रमांकावर टिकावी. नाव आणि ईमेल यांपलीकडे काही मागू नये. ईमेलवर पाठविलेल्या एकवेळच्या दुव्याने प्रवेश देण्याची सोय तर पासवर्ड न साठविताही करता येते. ज्या संस्थांनी केवळ बटणच ठेवले आहे त्यांनी, आजचे दार उघडे आहे तोवर, प्रत्येक सभासदाचा ईमेल आणि दूरध्वनी स्वतःच्या दप्तरी नोंदवून घ्यावा. एपिकलाही अखेर आपल्या ग्राहकांना ईमेल आणि पासवर्ड नोंदवा असे घाईघाईने सांगत सुटावे लागले होते, आणि तिच्या हाती तेव्हा थोडेच दिवस उरले होते.