पोळी कमी करायची की गाजर? लो-कार्ब आहारात भाज्यांचा खरा हिशेब

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात भारतीयांच्या आहारावरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ सर्वेक्षणाचा तो भाग होता. आपल्या रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते आणि प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के, असे त्यात दिसले. ‘भारतीय फार कार्ब्स खातात’ अशा बातम्या झाल्या, त्या मोबाइलवर फिरल्या आणि घराघरांत ‘लो-कार्ब’ सुरू झाले.

त्यानंतर दवाखान्यात एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. रुग्णाच्या हातात कुणीतरी पाठवलेली यादी असते: गाजर बंद, बीट बंद, कांदा बंद, टोमॅटो बंद, भोपळा बंद. ‘डॉक्टर, मग खायचं तरी काय?’ आणि त्याच व्यक्तीला कालच्या जेवणाबद्दल विचारले की कळते, काल चतुर्थी होती आणि साबुदाण्याची खिचडी झाली होती.

तुमच्या घरीही अशी यादी फ्रिजवर लावलेली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

अभ्यासाने नेमके काय सांगितले?

तीन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली, आपली बहुतेक कर्बोदके भाज्यांतून येत नाहीत. ती पॉलिश केलेला तांदूळ, गव्हाचे पीठ आणि साखर यांतून येतात.

दुसरी गोष्ट अनेकांना आवडणार नाही. पांढऱ्या तांदळाच्या जागी तेवढ्याच प्रमाणात गव्हाचे किंवा भरड धान्याचे पीठ घेतल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. भाकरीत चोथा आणि खनिजे अधिक असतात, म्हणून ती चांगलीच. पण भात सोडून तीन भाकऱ्या खाल्ल्या, तर वजनाच्या हिशेबात फार फरक पडत नाही.

तिसरी, एकूण ऊर्जेपैकी फक्त ५ टक्के कर्बोदकांच्या जागी डाळी-कडधान्ये, दूध-दही, अंडी किंवा मासे यांतली प्रथिने घेणाऱ्यांमध्ये मधुमेह आणि मधुमेहपूर्व अवस्था कमी आढळली. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे. त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरी दिशा स्पष्ट आहे.

२००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे १०० कॅलरी, म्हणजे साधारण २५ ग्रॅम कर्बोदके. एक-सव्वा पोळी किंवा लहान वाटीभर भात. त्याच्या बदल्यात दोन अंडी, वाटीभर घट्ट उसळ आणि पेलाभर दूध घेतले, की जवळपास २५ ग्रॅम प्रथिने होतात. यात गाजराचा कुठेही संबंध आला नाही.

भाज्यांचे तीन गट

खालचे आकडे १०० ग्रॅम कच्च्या भाजीतल्या कर्बोदकांचे आहेत आणि ते अंदाजे आहेत. जातीनुसार आणि हंगामानुसार थोडे कमी-जास्त होतात.

*मनसोक्त खा (साधारण २ ते ५ ग्रॅम):* मेथी, पालक, माठ, शेपू, चाकवत, अंबाडी, दुधी, दोडका, घोसाळे, पडवळ, कारले, भेंडी, वांगे, फ्लॉवर, कोबी, ढोबळी मिरची, मुळा, काकडी, टोमॅटो.

*रोजच्या प्रमाणात खा (साधारण ५ ते १२ ग्रॅम):* गाजर, बीट, कांदा, तांबडा भोपळा, मटार. अर्ध्या गाजराच्या कोशिंबिरीत तीन ग्रॅमही कर्बोदके नसतात. कुणाचे वजन गाजराने वाढलेले नसते. गाजराच्या हलव्यातली साखर आणि खवा हा वेगळा विषय.

*भात-पोळीच्या हिशेबात धरा (साधारण १५ ग्रॅम आणि त्याहून अधिक):* बटाटा, रताळे, सुरण, अळकुड्या, कोनफळ, कच्ची केळी, मक्याचे कणीस. या भाज्या वाईट नाहीत, पण त्या ताटात आल्या की एक पोळी किंवा अर्धा भात कमी करायचा. बटाट्याची भाजी, पोळी आणि वर भात म्हणजे एकच गोष्ट तीनदा वाढून घेणे.

आता उपवासाकडे बघा. कोरड्या साबुदाण्यात १०० ग्रॅममागे ८५ ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात आणि प्रथिने जवळजवळ नसतात. एका बशीभर खिचडीला ६०-७० ग्रॅम साबुदाणा लागतो. म्हणजे ५० ग्रॅमहून अधिक कर्बोदके, शिवाय त्यात बटाटा. तेवढी कर्बोदके जवळपास अडीच पोळ्यांत असतात. उपवास करायचा असेल तर दही, ताक, मूठभर शेंगदाणे, काकडीची कोशिंबीर आणि थोडे रताळे किंवा थोडी भगर, असे ताट अधिक समंजस ठरते.

‘कमी’ म्हणजे किती कमी?

दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके, याला साधारणपणे लो-कार्ब म्हणतात. कीटो आहारात हे प्रमाण ५० ग्रॅमच्याही खाली जाते. कीटो आहार मुळात १९२० च्या दशकात अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या रुग्णांसाठी वापरात आला.

पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरले, म्हणून आनंद होतो. त्यातला बराचसा भाग पाणी असतो. शरीरात साठवलेली साखर (ग्लायकोजेन) स्वतःसोबत पाणी धरून ठेवते. ती संपली की पाणीही जाते. पुन्हा पोळी सुरू केली की काटा थोडा वर येतो. त्यामुळे खचून जाऊ नका, चरबी परत आलेली नसते.

दीर्घकाळाचे काय? २०१८ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ लोकांवर वर्षभर केलेल्या चाचणीत कमी चरबीच्या गटाचे सरासरी ५.३ किलो, तर कमी कर्बोदकांच्या गटाचे ६ किलो वजन उतरले. हा फरक नगण्य होता. दोन्ही गटांना एक सूचना समान होती: भाज्या भरपूर खा, साखर आणि मैदा टाळा. जो आहार तुम्हाला वर्षभर जमेल, तो तुमचा आहार.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनाही टोकाच्या नाहीत. धान्यांतून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा नको आणि दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाज्या हव्यात, असे त्या सांगतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या ताटात भाजी डाव्या-उजव्या बाजूला चमचाभर असते. बदल करायचा तर तिथून करा.

औषधे चालू असतील तर आधी हे वाचा

गाजर खाल्ल्याने काही बिघडणार नाही. औषधांचा विचार न करता एकाएकी पोळी-भात सोडल्याने मात्र बिघडू शकते.

*इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड:* कर्बोदके एकदम कमी केली आणि डोस तोच राहिला, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे घरच्यांनीही ओळखायला शिकावीत. आजी-आजोबा ‘आज जरा चक्कर येतेय’ म्हणाले, तर आधी साखर तपासा.

*डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन:* या गोळ्यांसोबत कीटो किंवा कडक लो-कार्ब करू नका. रक्तात आम्ल वाढण्याचा (कीटोअॅसिडोसिसचा) धोका असतो आणि त्या वेळी साखर फारशी वाढलेली नसूही शकते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणे अशी लक्षणे दिसली तर घरी थांबू नका.

*रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या:* पाणी आणि मीठ कमी झाल्याने रक्तदाब उतरतो, उठताना चक्कर येते.

*वॉरफरिन, अॅसेनोकुमारॉल:* पालेभाज्यांतले ‘के’ जीवनसत्त्व या औषधांचा परिणाम कमी करते. पालेभाज्या सोडू नका. रोज साधारण सारख्याच प्रमाणात खा. एकदम वाढवल्या तर रक्ताची तपासणी (आयएनआर) लवकर करून घ्या.

*मूत्रपिंडाचा आजार, मुतखडा:* मूत्रपिंडाचे काम कमी झालेल्यांनी प्रथिने आणि पोटॅशियमचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. ऑक्सलेटचे खडे होत असतील, तर रोज पालकाचा रस पिणे टाळावे.

गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, वाढीच्या वयातली मुले आणि टाइप-१ मधुमेहाचे रुग्ण यांनी स्वतःच्या मनाने लो-कार्ब सुरू करू नये.

आणखी एक, दुधीच्या रसाबद्दल. कडू लागलेला दुधीचा रस एक घोटही पुढे पिऊ नका. त्यातल्या विषारी द्रव्याने तीव्र उलट्या आणि रक्तस्राव झाल्याच्या, काही वेळा मृत्यूच्याही घटना आपल्याकडे नोंदल्या गेल्या आहेत. दुधी शिजवून खा, आणि शिजवण्याआधी फोड चाखून बघा.

उद्याच्या ताटापासून सुरुवात

अर्धे ताट भाज्यांचे: एक शिजवलेली भाजी आणि एक कोशिंबीर. पाव ताट उसळ, घट्ट वरण, अंडी, मासे किंवा पनीर. उरलेल्या पाव ताटात पोळी, भाकरी किंवा भात यांपैकी एकच. दोन पोळ्या खात असाल तर एक खा. भाजी परतताना तेल मोजून घाला. कर्बोदके कमी केली म्हणून तेल-तुपाला मोकळे रान मिळत नाही.

चहातली साखर, बिस्किटे, फरसाण आणि संध्याकाळचे पोहे यांचा हिशेब आधी लिहून काढा. आठवडाभराची ती वही आणि चालू औषधांची यादी घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. कोणती गोळी किती कमी करायची हे त्यांना ठरवू द्या.

फ्रिजवरची ती यादी मात्र आजच काढून टाका. त्या जागी या आठवड्यात आणायच्या पाच भाज्यांची नावे लिहा. त्यात गाजर असले तरी चालेल.