सुपाचे कान आणि आपले

पेणहून आगगाडीने रोज रोह्याला शिकायला येणाऱ्या एका विद्यार्थिनीने परवा मला विचारले, "सर, यांतला कोणता घेऊ?" दोन्ही हेडफोन वायरचे, पुरा कान झाकणारे, आणि तिच्या खिशाला झेपणारे. एकाची पाठ जाळीची, दुसऱ्याची बंद. जाळीतून गाणे अधिक मोकळे वाटते, हे खरे. पण गाडीचा खडखडाटही तितक्याच मोकळेपणाने आत शिरतो, आणि मग आपण आवाज चढवतो! जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाच्या कानाला ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सोसतो; ९० डेसिबल झाला, की अवघे ४ तास. आणि कानातल्या केशपेशी एकदा गेल्या, की माणसात त्या पुन्हा येत नाहीत.

म्हणून म्हटले, "बाई गं, बंद पाठीचाच घे. खोक्यावर ओहमचा आकडा ३२च्या आसपास असला, की तो मोबाईलवर नीट वाजतो. वायर सुटी होणारी असली तर उत्तम. बहुधा आधी तीच तुटते. मात्र मोबाईलला ३.५ मिलिमीटरचे भोक आहे ना, ते अगोदर बघ!"

वाचकहो, पेणच्या कारखान्यांत गणरायाला दरवर्षी सुपाएवढे नवे कान मिळतात. आपल्याला मात्र एकच जोडी जन्मभर पुरवायची असते.