साच्यातील काच

काचेच्या भांड्यांची थोरवी सांगताना रसिक मंडळी फुंकनळीचा आणि पैलू पाडणाऱ्या चाकाचा महिमा गातात. साच्यात दाबून काढलेल्या भांड्याकडे मात्र हलक्या मालाकडे पाहावे तसे पाहतात. हे मत आम्हांस मान्य नाही. अमेरिकेतील जुन्या काचभांड्यांचा इतिहास वाचल्यावर तर मुळीच नाही.

तेथे 1739 मध्ये न्यू जर्सीत विस्टारने काढलेला कारखाना मुख्यतः बाटल्या व तावदाने करी. पुढे पेनसिल्व्हेनियात स्टीगेलने जेवणाच्या मेजावरील उंची भांडी घडविली आणि 1774 मध्ये त्याचे दिवाळे वाजले. चांगली काच ही धनिकांचीच वस्तू राहिली. 1825 मध्ये डेमिंग जार्व्हिसने मॅसॅच्युसेट्समधील सँडविच गावी कारखाना घातला. तेथील समुद्रकाठची वाळू पाहून त्याने गाव निवडले, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः ती वाळू काचेस योग्य नव्हती. त्याला हवे होते भट्टीसाठी जंगलातील लाकूड.

दाबकाचेची कृती वाचावयास सोपी, करावयास कठीण. एक कामगार भट्टीतील लाल रस सळईच्या टोकावर घेऊन साच्यावर धरी. दुसरा तो कात्रीने तोडी आणि तरफ ओढून दट्ट्या खाली आणी. रस कमी पडला तर काठ अपुरा, जास्त झाला तर बूड जाड. मापाला तराजू नव्हता, डोळा होता. मग भांडे हळूहळू निवू द्यावयाचे. घाई केली की तडा गेलाच.

तप्त रस थंड धातूला टेकला की पृष्ठभागावर सुरकुत्या पडत व तेज जाई. म्हणून साचा कोरणाऱ्यांनी नक्षीमागची सारी जागा बारीक ठिपक्यांनी भरून टाकली. सुरकुत्या लपल्या आणि प्रकाश त्या ठिपक्यांवर खेळू लागला. दोष झाकण्याची युक्ती म्हणून कोणी नाक मुरडील. पण पैलूदार काचेची नक्कल करावयास निघालेल्या साच्याला येथे स्वतःचे रूप सापडले, असे आम्ही समजतो.

त्या काळी तेथील लोक चहा बशीत ओतून पीत. ओल्या कपाचा डाग मेजावर पडू नये म्हणून त्याखाली एक इवलीशी काचेची तबकडी असे. तिच्यावर गरुड, बंकर हिलचे स्मारक, हेन्री क्ले या पुढाऱ्याची छबी. (बशीतून चहा पिण्यास गावंढळपणा म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे!)

हे सुख फुकटचे नव्हते. पोट बुडणार या भीतीने फुंकणारे कारागीर इतके खवळले की, जार्व्हिसला काही आठवडे लपून राहावे लागले, असे सांगतात. त्यांच्या रागास आम्ही मूर्खपणा म्हणणार नाही. वर्षानुवर्षे कमावलेली विद्या एका तरफेपुढे स्वस्त झाली होती. परंतु कला नाहीशी झाली नाही. ती धातूत उलटी नक्षी कोरणाऱ्याच्या हाती गेली.

1864 मध्ये व्हीलिंग येथे विल्यम लेटनने शिशाऐवजी सोडा व चुना वापरून स्वस्त, हलकी काच सिद्ध केली. तिला शिशाच्या काचेचा नाद नव्हता, पण भाव परवडत होता. सँडविचचा कारखाना मजुरांच्या संपानंतर 1888 मध्ये बंद पडला. एके काळी साध्या घरांतून रोज विसळल्या जाणाऱ्या त्या तबकड्या आता संग्रहालयांच्या कपाटांत आहेत. खालच्या चिठ्ठीवर कारखान्याचे नाव असते. साचा कोरणाऱ्याचे बहुधा नसते.