मालिशच्या धंद्याला नियम हवेत

मसाज केंद्र म्हटले की बातमी येते ती धाडीचीच. १९५६चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा बायकांचे शोषण रोखण्यासाठी आहे आणि तो कडकपणे राबवलाच पाहिजे. पण टॉवेल धुतलेला होता का, तिथे राबणाऱ्या बाईच्या हातात पगार पडतो का, हे धाडीतून कळत नाही. शिवाय महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार थोडेच कामगार असतील तर नोंदणी लागत नाही, नुसती सूचना पुरते.

दिल्ली सरकारने २०२१मध्ये स्त्रीने पुरुषाला किंवा पुरुषाने स्त्रीला मालिश करण्यावरच बंदी घातली. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात तिला स्थगिती दिली, हे योग्यच झाले. बंदी नको, नियम हवेत. बीड जिल्ह्यातल्या नेकनूरसारख्या गावात असे केंद्र उघडायचे असेल, तर ग्रामसभेने आधीच साध्या अटी ठरवाव्यात : दर्शनी भागात दरफलक, स्वच्छ पाणी, आतून कडी नसलेली खोली, कामगारांची नोंदवही. बाळ-बाळंतिणीला तेल लावायला घरोघर जाणाऱ्या मावश्यांना मात्र यातून स्पष्टपणे वगळावे. त्यांचे हातावर पोट आहे. परवान्यासाठी हेलपाटे घालायला लावले, तर त्यांचा तेवढ्या दिवसांचा रोज बुडेल.