स्थलनामकथा आणि व्युत्पत्तीचा निवाडा : होटगी परिसराच्या निमित्ताने

स्थलनामांविषयीच्या लोककथांकडे मराठी अभ्यासक बहुधा न्यायाधीशाच्या भूमिकेतून पाहतात. व्युत्पत्ती टिकली तर कथा ग्राह्य, एरवी त्याज्य. हा निवाडा भाषाशास्त्रदृष्ट्या योग्य असला, तरी लोकसाहित्याच्या अभ्यासाला तो पुरेसा नाही.

सोलापूरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सोळा गावांचे म्हणून सोलापूर, ही समजूत सर्वपरिचित आहे. परंतु बाराव्या शतकात, सिद्धरामेश्वरांच्या काळी, या गावास 'सोन्नलगे' म्हणत, हे कोरीव लेखांवरून दिसते. इतिहास म्हणून कथा टिकत नाही. मात्र त्या सोळा गावांची जी यादी सांगितली जाते, तीत आदिलपूर, अहमदपूर, फतेपूर ही नावे आहेत, तशीच 'सोनलगी'ही आहे. पहिल्या तीन नावांवरून कथेचे आजचे रूप मुसलमानी अमलात किंवा त्यानंतर घडले असावे, असे अनुमान निघते. चौथ्या नावात तर, ज्या नावाचा विसर पडल्यामुळे कथेला वाव मिळाला, तेच नाव कथेने राखून ठेवले आहे. असत्य ठरलेली कथाच येथे अभ्यासाचे साधन ठरते.

होटगीच्या संदर्भात हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातील या गावापासून विजयपूरमार्गे गदगकडे जाणारा लोहमार्ग फुटतो. मराठी आणि कन्नड यांचा शेजार येथे पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. 'होटगी' हे नावही सिंदगी, कलबुर्गी यांच्या पंक्तीत बसणारे आहे. अशा परिसरात ओढा, माळ, बांध यांविषयीची कन्नड कथा मराठीत टिपली, की मराठी कान तीतून नवी व्युत्पत्ती घडवितो आणि मूळ नाव हरवते. म्हणून कथा ज्या भाषेत सांगितली गेली, त्याच भाषेत ती प्रथम नोंदविली पाहिजे.

आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० शाळांतील मुलांनी घरातील व शेजारच्या वडीलधाऱ्यांकडून स्थलकथा लिहून घेतल्या. कथा खऱ्या की खोट्या, हा प्रश्न संकलनाच्या आड आला नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना आहे. तो पुष्कळदा कोराच असतो. मराठी व कन्नड विभागांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकत्रितपणे हा रकाना भरण्याचे काम हाती घ्यावे. व्युत्पत्तीचा निवाडा नंतरही करता येईल. सांगणारी पिढी मात्र थांबणार नाही.